कोरे बोट

२० मे २०२४, लोकसभेच्या मतदानाचा दिवस. संध्याकाळी खडवली स्टेशनवर ओळखीचे एक भाई भेटले. बोट कोरे. म्हणाले, "सर, सगळे एकाच माळेचे मणी. गेलोच नाही. हाच आपला निषेध."

हा निषेध कळला कोणाला? शेजारच्या कल्याण मतदारसंघात त्या दिवशी जेमतेम निम्मे मतदान झाले. उरलेल्यांत नाराज किती, आळशी किती, गावी गेलेले किती, याची नोंद कुठल्याच यंत्रात नाही. खासदार मात्र निवडून आलाच.

मत म्हणजे साक्ष, असे आपले उलमा सांगतात. साक्षीला न जाणारा तटस्थ राहत नाही. तो समोरच्याचे काम सोपे करतो.

नाराजी नोंदवायचीच तर नोटा आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो मिळाला. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये २७,५०० मते घेऊन नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला. राज्यभर चर्चा झाली. घरी बसलेल्यांची कधी झाली?

नोटाची मर्यादाही सांगतो. लोकसभा-विधानसभेत नोटा पहिला आला, तरी त्याच्या खालोखालचा उमेदवार जिंकतो. महापालिका-नगरपालिकांसाठी मात्र आपल्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला : नोटाला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक. आणि बिनविरोध निवडणुकीत तर मतदानच नाही, मग नोटाचे बटण कुठून येणार? म्हणून चांगला माणूस अर्ज भरण्याआधीच शोधावा लागतो.

खरे काम मतदानाच्या आधीचे आहे. यादीत नाव आहे का, ते आजच पाहा. नसेल तर नमुना ६, चूक असेल तर नमुना ८. आपल्या उर्दू नावांचे स्पेलिंग किती बिघडते, हे मी शाळेच्या दाखल्यांवर रोज बघतो. उमेदवाराचे शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर असते. मालमत्ता आणि गुन्हे त्यात वाचा. गावात राहत असाल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा. रस्ता, पाणी, कब्रस्तानची भिंत, जे असेल ते विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

एवढे करूनही कोणी पटला नाही, तर खुशाल नोटा दाबा. पण रांगेत उभे राहून.

भाई, आपल्याला 'व्होट बँक' म्हणतात याचा आपल्याला राग येतो. मग वर्षभर हिशेब का मागत नाही?