वैशाखांतील संगणक

आमच्या नातवानें खेळांसाठीं संगणकांत नवा प्रोसेसर बसविला आणि लगेच त्याची गति वाढविण्याचा हट्ट धरिला. आम्हीं आधीं त्यास हमीपत्र वाचावयास लाविलें. एएमडी कंपनी गति वाढविण्याची सोय स्वतःच देते. मात्र त्यायोगें होणारें नुकसान हमींत धरीत नाहीं! विद्युद्दाब १० टक्के वाढविला कीं, गति तीच असली तरी उष्णता सुमारें २१ टक्के वाढते. त्यांत भंडाऱ्याचा वैशाख, पारा ४५ अंशांच्या घरांत. यंत्रांतला पंखा खोलींतलीच हवा फिरविणार. कूलरची ओली हवाही यंत्रास नको. अखेर ठरलें तें असें: दाबास हात लावूं नये, गति थोडथोडी वाढवावी, दर वेळीं तासभर काम देऊन उष्णमान पाहावें, ८५ अंश ओलांडतांच मागें यावें. नातू तूर्त मृगाची वाट पाहत आहे.