सिम्युलेटर खरा, पण कोणत्या प्रश्नापुरता?

गाडी चालवण्याचा सिम्युलेटर खऱ्यासारखा आहे का, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा यंत्र विकणाऱ्याला विचारला जातो. पडदे किती, आसन किती दिशांना हलते, चित्र किती स्वच्छ दिसते, एवढे सांगून तो मोकळा होतो. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांना सिम्युलेटर आवश्यक केला. त्यामुळे हे यंत्र आता मोठ्या संस्थांच्या प्रयोगशाळेपुरते उरलेले नाही, आणि त्यावर गोळा केलेल्या आकड्यांच्या आधारे रस्त्याचे निर्णय सुचवणारे अहवालही वाढत जाणार. म्हणून प्रश्न नीट मांडून घ्यायला हवा. यंत्र खरे किंवा खोटे नसते. त्यावर मिळालेले एखादे उत्तर एखाद्या रस्त्यापुरते, एखाद्या प्रकारच्या चालकापुरते खरे ठरते किंवा ठरत नाही. हे तपासायला दूर जायची गरज नाही. राष्ट्रीय महामार्ग ५३ चा भंडारा जिल्ह्यातला पट्टा, म्हणजे वैनगंगेच्या पुलापासून लाखनी-साकोलीवरून पुढे जाणारा रस्ता, डोळ्यांसमोर ठेवला तरी पुरे.

नेदरलँड्समधल्या ब्लाउ यांनी १९८२ मध्ये उपकरणे बसवलेली खरी गाडी आणि सिम्युलेटर यांची तुलना केली, तेव्हापासून या विषयात दोन प्रकारच्या वैधता वेगळ्या धरल्या जातात. सिम्युलेटरमधला आकडा रस्त्यावरच्या आकड्याशी जुळला तर ती निरपेक्ष वैधता. आकडा जुळला नाही, पण बदलाची दिशा आणि साधारण प्रमाण जुळले, तर ती सापेक्ष वैधता. स्वीडनमध्ये टॉर्नरॉस यांनी १९९८ मध्ये खरा बोगदा आणि त्याची सिम्युलेटरमधली प्रतिकृती यांची तुलना प्रसिद्ध केली. लोक सिम्युलेटरमध्ये जास्त वेगाने जात होते. ऑस्ट्रेलियात गॉडली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये रस्त्यावरच्या खडखडाटी पट्ट्यांचा अभ्यास मांडला, त्यात लोक खऱ्या गाडीतच जास्त वेगाने जात होते. दोन्हीकडे सापेक्ष वैधता बरी निघाली, पण निरपेक्ष फरकाच्या दिशा एकमेकींच्या उलट. याचा अर्थ ‘सिम्युलेटरचा वेग अमुक टक्क्यांनी कमी धरा’ असा कोणताही सर्वसाधारण गुणक सांगता येत नाही. तो सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आपल्याकडचे चांगले उदाहरण आयआयटी मुंबईचे आहे. पुष्पा चौधरी आणि नागेंद्र वेलगा यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०० परवानाधारक चालकांना सिम्युलेटरवर मोबाइल वापरायला लावून त्यांचा प्रतिक्रिया-काळ मोजला. समोरून पादचारी रस्ता ओलांडताना तो साध्या संभाषणामुळे ४० टक्क्यांनी, गुंतागुंतीच्या संभाषणामुळे ९५, साधा संदेश लिहिताना १३७ आणि अवघड संदेश लिहिताना २०४ टक्क्यांनी वाढला. हा प्रयोग खऱ्या रस्त्यावर कोणीही करू देणार नाही आणि करूही नये. इथे सिम्युलेटरला पर्यायच नाही. बोलण्यापेक्षा लिहिणे घातक, हा क्रम आम्ही निःशंकपणे स्वीकारतो. टक्केवारी मात्र जपून वापरायची गोष्ट आहे. प्रयोगाला बसलेल्या माणसाला आता काहीतरी आडवे येणार याची थोडीफार चाहूल असतेच, त्यामुळे मोबाइल नसतानाचा त्याचा प्रतिक्रिया-काळ रस्त्यावरच्यापेक्षा कमी येऊ शकतो. समजा, तो एक सेकंद आहे आणि मोबाइलमुळे त्यात एक सेकंदाची भर पडली, तर वाढ १०० टक्के. रस्त्यावर मुळातला काळ दीड सेकंद असेल आणि भर तेवढीच असेल, तर वाढ ६७ टक्के. भाजक बदलला की टक्का बदलतो. सेकंदांचा प्रश्न त्याहून नाजूक. थांबण्यासाठी लागणारे दृष्टी-अंतर काढताना इंडियन रोड्स काँग्रेस चालकाच्या प्रतिक्रियेसाठी २.५ सेकंद धरते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. सिम्युलेटरमधल्या सावध माणसाचा आकडा उचलून कोणी त्या अडीच सेकंदांतला एक कापला, तर वळणावर तेवढे २२ मीटर गायब झाले.

यंत्र महाग घेतले की हे दोष जातील, असे म्हणणारे बरेच आहेत. काही दोष जातात, काही जात नाहीत. ताशी ८० किलोमीटर वेगावरून सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद अशी गती कमी करत गाडी थांबवायला सुमारे ४९ मीटर लागतात. चालकाच्या शरीराला तो झटका पूर्णपणे द्यायचा तर सिम्युलेटरचे आसनही तेवढेच सरकायला हवे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातला प्रसिद्ध सिम्युलेटर सुमारे २० मीटर बाय २० मीटर जागेत फिरतो, तोही अपुरा पडतो. मग आसन हळूच पुढे झुकवून गुरुत्वाकर्षणालाच ब्रेकचा भास द्यायला लावतात. युक्ती हुशारीची आहे, पण ती फसवणूक आहे हे संशोधकाने विसरू नये. डोळ्यांचे गणित आणखी सोपे. निरोगी डोळा अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखतो. १९२० बिंदूंचे चित्र ६० अंशांत पसरले की अंशाला ३२ बिंदू येतात, म्हणजे बारकावा जवळपास निम्मा. शंभर मीटरवरून वाचता येणारी पाटी पडद्यावर पन्नास मीटरच्या आसपास वाचता येते. आणि समोरच्या ट्रकने डिपर न देता मारलेला प्रखर झोत कोणताही साधा प्रोजेक्टर दाखवू शकत नाही.

इथेच सापेक्ष वैधतेवर निर्धास्त राहणाऱ्यांचा मोठा आक्षेप येतो. पर्यायांतला चांगला कोणता एवढेच हवे असेल तर आकडा चुकला म्हणून काय बिघडले, असे ते विचारतात. आमचे उत्तर असे की जी गोष्ट यंत्रात उणी आहे ती सगळ्या पर्यायांना सारखीच बाधत असेल तरच हा युक्तिवाद टिकतो. २०१३ मध्ये घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत आहे, आणि हा महामार्ग साकोलीच्या पुढे त्याच्या जंगलपट्ट्यातून देवरीकडे जातो. रात्री वाहनांचा वेग उतरवायला तिथे परावर्तक पाटी लावावी, लुकलुकता दिवा लावावा की खडखडाटी पट्टे टाकावेत, हे सिम्युलेटरवर ठरवायला बसलो तर काय होईल? कमी बारकाव्यामुळे पाटी उशिरा वाचली जाईल आणि हरेल. लुकलुकता दिवा पडद्यावर फिका पडेल. पट्टे मात्र आसन किती जोरात हलवायचे यावर जिंकतील किंवा हरतील, आणि तो जोर सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने ठरवलेला असेल. इथे क्रमच उलटू शकतो, आणि निष्कर्षाच्या तक्त्यात त्याची काही खूण दिसत नाही.

याहून मोठी उणीव चित्रातही नाही आणि हालचालीतही नाही. ती आहे सिम्युलेटरमधल्या इतर वाहनांच्या स्वभावात. पडद्यावरची वाहतूक ज्या गणितावर धावते त्यातली पुष्कळ सूत्रे शिस्तीने लेन पाळणाऱ्या देशांत घडली. विडेमान यांचे बहुचर्चित प्रारूप १९७४ चे, जर्मनीतल्या कार्ल्सरूहचे. त्यात गाडी पुढच्या गाडीमागे धावते. भंडाऱ्यात दिवाळीनंतर धान खरेदी केंद्राकडे निघालेली ट्रॉली, मागे दिवा नाही, दुभाजकातला पुढचा कट लांब पडतो म्हणून उलट्या बाजूने येते. पावसाळ्यात कोरड्या जागेच्या शोधात ढोरे डांबरावर येऊन बसतात. कटपाशी थांबलेल्या दुचाकीवाल्याने आपल्याकडे पाहिले की नाही, हे नागपूर-रायपूर करणारा ट्रकचालक त्याच्या मानेवरून ओळखतो, हॉर्न देतो, उत्तर आले की पाय काढतो. आपल्याकडचे गाडी चालवणे म्हणजे ही सततची बोलाचाली. सिम्युलेटरमधली ट्रॉली हॉर्नला दाद देत नाही. दोन-चार प्रसंगांत चालकाला कळते की हॉर्नचा उपयोग नाही, आणि तो वेगळेच वागू लागतो. तिथून पुढे आपण मोजतो ते यंत्राने शिकवलेले वागणे. भर म्हणजे केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या रस्ते अपघातांतल्या मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते, आणि आपल्या बहुतेक सिम्युलेटरांत बसायला मिळते ती मोटारीची सीट. दुचाकीस्वार त्यात दिसतो तो हलता अडथळा म्हणून.

प्रयोगाला बसणारे कोण, हाही प्रश्न उरतोच. विद्यार्थी आणि शहरी मोटारचालक सहज मिळतात, ट्रॅक्टर किंवा एसटी चालवणारा मिळत नाही. शिवाय सिम्युलेटरमध्ये मळमळून उठून जाणाऱ्यांत वयस्क माणसे जास्त असतात, त्यामुळे हाती उरलेला नमुना आपोआप तरुण होतो. किती जण मधेच उठून गेले, हे निबंधात क्वचितच लिहिलेले असते.

प्रत्यक्ष रस्त्यावर पडताळणी करणे खर्चाचे आहे, हा आक्षेप आम्हांला अर्धाच पटतो. अपघाताचा प्रसंग रस्त्यावर घडवता येत नाही हे खरे, पण त्याची गरजही नाही. साधे वागणे पडताळले तरी पुष्कळ कळते. लाखनी ते साकोली या पट्ट्याची प्रतिकृती करायची. मग तेच चालक एकदा उपकरणे लावलेल्या गाडीतून रस्त्यावर आणि एकदा सिम्युलेटरवर न्यायचे, आणि वेग, ब्रेकचा आरंभ आणि कटपाशी स्वीकारलेले अंतर यांची तुलना करायची. उपकरणे म्हणजे जीपीएस, कॅमेरे आणि ब्रेकच्या पेडलखालचा एक संवेदक, यापलीकडे फारसे काही लागत नाही. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, तेव्हा ट्रक कुठून आणायचा ही सबब निदान या जिल्ह्यात चालू नये. मोजणी दोनदा व्हावी, एकदा धानाच्या हंगामात आणि एकदा उन्हाळ्यात, कारण रस्ता तोच असला तरी त्यावरची वाहतूक तीच नसते. हलत्या आसनावर खर्च करण्याआधी हा पैसा खर्च व्हावा, आणि त्या नोंदींवरून सिम्युलेटरमधल्या ट्रॉलीला, ढोरांना आणि दुचाकीला निदान हॉर्न ऐकू येईल अशी सोय व्हावी.

आमच्याकडे निबंध पाठवणाऱ्या लेखकांना एक सूचना. सिम्युलेटरवर आधारलेल्या निबंधात यापुढे मूळ प्रतिक्रिया-काळ सेकंदांत द्यावा, नुसती टक्केवारी चालणार नाही. मधेच सोडून गेलेल्यांची संख्या आणि वये द्यावीत. इतर वाहने कोणत्या सूत्राने चालवली ते सांगावे, आणि ज्या रस्त्याबद्दल शिफारस आहे त्या रस्त्यावरची एक तरी मोजणी सोबत जोडावी. मोजणी नसेल तर निबंध छापू, शिफारशीचा परिच्छेद वगळून.