एकवीस वर्षं थांबलो, ते ह्यासाठी?

२१ ऑक्टोबर २०२५. लक्ष्मीपूजन. पणत्या लावून झालेल्या, पुढ्यात फराळाचं ताट आणि मुलुंडला मावशीच्या घरी मी नि दादा लॅपटॉपसमोर मांडी ठोकून डाऊनलोडची पट्टी सरकताना बघतोय. मावशी दोनदा डोकावून गेली. 'सणासुदीला कसली रक्तपिपासू भुतं बघताय रे?' तिला काय सांगणार, ह्या भुतांची आम्ही किती वर्षं वाट बघत होतो ते!

गेमचं नाव 'व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स २'. नाव ऐकून पान उलटू नका, प्लीज. कारण प्रश्न फक्त गेमचा नाहीये.

पहिला 'ब्लडलाइन्स' आला १६ नोव्हेंबर २००४ला. नेमका 'हाफ-लाइफ २'च्या दिवशीच! म्हणजे शाहरुखच्या पिक्चरसमोर आपला मराठी सिनेमा लावण्यातला प्रकार. गेम साफ झोपला. बनवणारी ट्रॉयका ही छोटी कंपनी २००५च्या सुरुवातीलाच बंद पडली. वर गेममध्ये बग्ज इतके, की विचारू नका. पण ज्यांनी खेळला ते वेडे झाले. वेर्नर श्पाल नावाच्या एका जर्मन केमिस्टनं नोकरी सांभाळून, फुकटात, वर्षानुवर्षं त्याची डागडुजी केली. आजही तो गेम चालतो तो ह्या माणसाच्या कृपेनं.

दादानं मला तो दाखवला तेव्हा मी सातवीत होते. स्टेशनबाहेरून आणलेली सीडी, ओरिजिनल वगैरे अर्थातच नाही. (तेव्हा कुणाची असायची?) त्यात आधी आपलं कूळ निवडायचं आणि मग कुळाप्रमाणे सगळी दुनियाच बदलायची. नोस्फेराटू झालात तर चेहरा इतका भयाण, की रस्त्यावर दिसायचीच सोय नाही, गटारातून फिरा. मालकेव्हियन झालात तर डोकंच ठिकाणावर नाही. चक्क रस्त्यावरच्या स्टॉपच्या पाटीशी भांडण! आणि ते ओशन हाऊस हॉटेल... अख्ख्या हॉटेलात एकही शत्रू समोर येत नाही, नुसते आवाज. मी दादाचा दंड घट्ट धरून बसले होते, हे तो आजही चारचौघांत सांगतो.

तर दुसरा भाग. घोषणा झाली मार्च २०१९मध्ये. सिएटलची हार्डसूट लॅब्ज बनवणार, पहिल्या भागाचा लेखक ब्रायन मित्सोडा पुन्हा लिहिणार, गेम २०२०मध्ये येणार. आम्ही हवेत! मग तारीख पुढे. मग ऑगस्ट २०२०मध्ये मित्सोडालाच नारळ. मग फेब्रुवारी २०२१मध्ये अख्ख्या हार्डसूटलाच. २०२३मध्ये कळलं की काम 'द चायनीज रूम' ह्या ब्रिटिश स्टुडिओकडे गेलंय. हे लोक तब्येतीत चालायचे, गोष्ट ऐकायचे गेम्स बनवण्यासाठी प्रसिद्ध. त्यांच्या संस्थापकांपैकी डॅन पिंचबेक नंतर सरळ म्हणाला, ह्याला 'ब्लडलाइन्स २' म्हणू नका असं आम्ही सुचवून बघितलं होतं. म्हणजे स्वयंपाक्यालाच माहीत होतं, ही पुरणपोळी नाही!

आणि खरंच नाहीये. बर्फातलं सिएटल दिसतं झकास. मारामारीही सुरुवातीला मस्त वाटते. पण आपण 'कुणीतरी नवखे' नसतोच. कंपनीनं ठरवलेली फायर नावाची शेकडो वर्षांची व्हॅम्पायर आणि तिच्या डोक्यात बडबडणारा फेबियन नावाचा डिटेक्टिव्ह. फेबियन खरं सांगायचं तर आवडला मला. पण तो मालकेव्हियन, आणि आपल्याला मालकेव्हियन होता येत नाही! नोस्फेराटूही नाही. बाकी साइड मिशन्स म्हणजे ह्याला मार, ते पोचव, परत ये. सोमवार ते शुक्रवार आपण दुसरं काय करतो? वर रिलीजआधी दोन कुळांसाठी वेगळे पैसे मागायचा विचार होता. लोक भडकले, मग गुपचूप फुकट दिली.

मला सारखा 'झपाटलेला २' आठवत होता. १९९३चा पहिला आपला जीव की प्राण. २०१३ला दुसरा आला, थ्रीडीमध्ये. तात्या विंचू तोच, कोठारेही तेच. पण लक्ष्या कुठून आणणार?

नोव्हेंबरमध्ये पॅराडॉक्स कंपनीनं ह्या गेमपायी साडेपस्तीस कोटी स्वीडिश क्रोनांवर पाणी सोडलं. मला त्यांची दया नाही आली. मला दादाचं वाईट वाटलं. जानेवारीत तो बंगलोरला शिफ्ट होणार होता आणि हा गेम आम्ही एकत्र संपवायचा, हे कॉलेजपासूनचं ठरलेलं. रात्री दोनला त्यानं हेडफोन काढला. 'छान आहे गं,' म्हणाला. दादा 'छान आहे' म्हणाला की समजायचं, संपलं.

भाऊबीजेला मी पुन्हा मुलुंडला गेले. ओवाळून झालं, ओवाळणीचं पाकीट मिळालं, आणि मी त्याला गिफ्ट दिलं ते २००४च्या ब्लडलाइन्सचं. ह्या वेळी पैसे मोजून, ओरिजिनल. श्पालसाहेबांचा पॅच टाकला. दादानं नोस्फेराटू निवडला, मी शेजारी चकली घेऊन.

ओशन हाऊसच्या दारात पोचलो आणि मावशीनं जेवायला हाक मारली. दोघंही ओरडलो, 'पाच मिनिटं!'