विश्लेषण : ‘निव्वळ एनपीए शून्य’ म्हणजे बँक भक्कम?

सप्टेंबर हा सहकारी बँकांच्या वार्षिक सभांचा महिना. सभागृहाबाहेरच्या फलकावर आणि शाखेच्या भिंतीवर एक ओळ हमखास झळकते : ‘निव्वळ एनपीए शून्य टक्के’. निवृत्तीची रक्कम घेऊन आलेला ठेवीदार ती वाचतो, मोठ्या बँकेपेक्षा थोडे जास्त व्याज पाहतो आणि निर्धास्त होतो. आकडा बहुधा खराच असतो. ठेवीदार त्याचा जो अर्थ लावतो, तो मात्र चुकीचा असू शकतो.

शून्य येते कसे?

समजा, बँकेने १०० कोटींची कर्जे दिली आणि त्यातील ८ कोटी थकले. हा झाला ८ टक्के ढोबळ एनपीए. या ८ कोटींसाठी बँकेने नफ्यातून तेवढीच तरतूद केली, की निव्वळ एनपीए शून्य. कर्ज वसूल झालेले नसते, ते बुडाले तर झळ सोसण्याची सोय झालेली असते. अशी सोय करणारी बँक न करणाऱ्या बँकेपेक्षा केव्हाही बरी. पण शंभरातले ८ रुपये अडकतात, तर कर्ज मंजूर करताना पाहिले काय जाते, हा प्रश्न उरतोच.

म्हणून अहवालात ढोबळ एनपीए शोधावा, तोही रुपयांत आणि किमान तीन वर्षांचा. टक्केवारी फसवी असते. कर्जवाटप १०० वरून १४० कोटींवर नेले, की तेच ८ कोटी ५.७ टक्के दिसतात. वसुली एका रुपयाचीही झालेली नसते आणि नवी कर्जे थकायला वेळ लागतो.

भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या प्रमाणात बँकेचा स्वतःचा पैसा, सर्वात लहान नागरी बँकांसाठी किमान ९ टक्के आणि इतरांसाठी १२ टक्के हवी. काठावरच्या बँकेपासून सावध राहावे.

सगळे आकडे चांगले असले तर?

तरीही पीएमसी बँक आठवावी. ती लहान नव्हती. मार्च २०१९ अखेर तिने ढोबळ एनपीए ३.७६ टक्के आणि भांडवल पर्याप्तता १२.६२ टक्के दाखवली होती. सप्टेंबरमध्ये निर्बंध आले आणि खातेदाराला सुरुवातीला जेमतेम १,००० रुपये काढता येऊ लागले. बँकेच्या कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के एकट्या एचडीआयएल समूहाकडे होती आणि ती हजारो बनावट खात्यांआड दडवलेली होती.

यातून एक गोष्ट दिसते. कर्ज किती जणांत वाटले आहे, हे एनपीएइतकेच महत्त्वाचे असते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार २० मोठ्या कर्जदारांकडील कर्जाचे प्रमाण बँकांना ताळेबंदाच्या टिपांत द्यावे लागते. ते तिथे, बारीक अक्षरांत, शेवटच्या पानांवर सापडते. फलकावर कोणी ते लिहीत नाही. शिवाय जाणूनबुजून खोटा लिहिलेला ताळेबंद वाचून ठेवीदाराला काय कळणार? ते काम लेखापरीक्षकाचे आणि नियामकाचे. रिझर्व्ह बँकेचा तपासणी अहवाल बँकेच्या संचालकांना मिळतो, ठेवीदाराला नाही. किमान त्याचा सारांश सभेपुढे ठेवण्याची सक्ती व्हायला हवी.

ठेवीदाराच्या हाती काय?

विम्याची मर्यादा. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती १ लाखावरून ५ लाख झाली. मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेत एका व्यक्तीला, सर्व शाखांतील ठेवींची बेरीज करून. चार शाखांत चार मुदत ठेवी ठेवल्याने विमा चौपट होत नाही. निर्बंध आल्यास ही रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने झाली. बँकेच्या भागांना मात्र हे संरक्षण नाही. आणि बँकेसारखाच काउंटर, पासबुक आणि दैनंदिन ठेव गोळा करणारा एजंट असलेल्या पतसंस्थेतील ठेवींना या विम्याचा एक रुपयाही लागू होत नाही.