आमची मर्यादवेल

कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये राहायला आल्यापासून आमच्या चिरंजीवांना पाणी म्हटलं की इको पार्कमधलं तळंच ठाऊक. २०१२ साली सुरू झालेलं हे उद्यान छानच आहे, पण तळ्याला काही भरती येत नाही! म्हणून गुहागरहून सासूबाई आल्या, तेव्हा आम्ही सगळे मंदारमणीच्या समुद्रावर गेलो. गाडीने चारएक तास लागतात.

तिथली वाळू इतकी घट्ट, की लोक सरळ तिच्यावरून गाड्या पळवतात. चिरंजीवांनी तोच हट्ट धरला. ड्रायव्हरही तयार झाला. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांब रे, ते पुढे लाल काय पसरलंय?"

लाल खेकडे! शेकड्यांनी. उतरून चार पावलं टाकली, तर सगळे बिळांत गडप. पावलांची थरथर त्यांना वाळूतून कळते. आम्ही न हलता बसून राहिलो. हळूहळू एकेक जण वर आला. वाळूतलं खाण्याजोगं तेवढं निवडून उरलेल्या वाळूच्या गोळ्या ते बिळाभोवती टाकत होते, अगदी रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या. त्यावरून चाक गेलं की बिळं दबतात, खेकडे चिरडतात.

"आजी, आपण चालतच जाऊ," चिरंजीव म्हणाले.

वरच्या अंगाला, वाळूच्या उंचवट्यावर जांभळ्या फुलांची वेल होती. "अगं, ही तर आमची मर्यादवेल!" सासूबाई हरखल्या. पान आपट्यासारखं दुभंगलेलं. भरतीच्या रेषेच्या वर ही पसरते, उडती वाळू अडवते आणि तिचाच बांध होतो. नाव ठेवणाऱ्यांनी किती नेमकं ठेवलंय! भूमध्य समुद्राच्या काठी असंच काम पोसिडोनिया नावाची पाणवनस्पती करते. तिच्या वाळक्या पानांचे ढीग किनाऱ्यावर लाटांचा मार झेलतात, आणि पर्यटकांना आवडत नाहीत म्हणून ते उचलून फेकले जातात. आपल्याकडे उंचवटे सपाट करून भिंती बांधतात. २६ मे २०२१ रोजी 'यास' वादळ आलं, तेव्हा समुद्र मंदारमणीच्या हॉटेलांत शिरला होता.

आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलची भिंतही थेट वाळूतच होती. सासूबाईंनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चपला झटकू लागल्या. खोली मीच ठरवली होती.