सायलेन्सरची फुंकणी



पंधरा दिवस इकडे काही लिहिले नाही, कारण घरात एक भांडण चालू होते. भांडण माझ्या पुतणीच्या मुलाशी. नाव लिहीत नाही. हा ब्लॉग वाचणाऱ्या नातेवाइकांना ते कळलेच असेल.

झाले असे की, स्वारीने एक जुनी, कार्ब्युरेटरवाली स्पोर्ट बाईक घेतली. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फट् फट् आवाज यायचा. एका मेकॅनिकने उपाय केला. इंजिनाच्या डोक्याला जोडलेली एक रबरी नळी आणि एक डबी काढून टाकली आणि त्या भोकावर पत्र्याची चकती बसवून दोन बोल्ट आवळले. काढलेले सामान पोरगा पिशवीत घालून मला दाखवायला घेऊन आला. "आबाजी, कचरा काढला. आता पिकअप पाहा जी!"

मी मेकॅनिकला जाऊन विचारले, तर तो म्हणाला, "गुरुजी, तिचं इंजिनात काहीच काम नाही. कंपनीवाले सरकारसाठी लावतात."

वाक्य ऐकायला किती सोपे! त्यातले पहिले अर्धे बरोबर आहे आणि तेच समजून घेण्यासारखे आहे.

आपल्या आया चुलीपुढे बसत ते आठवा. ओले लाकूड धुमसू लागले की घरभर धूर. मग आई फुंकणी घेऊन एक जोरकस फुंकर मारायची. भपकन जाळ व्हायचा आणि धूर नाहीसा! तो धूर गेला कुठे? कुठेच नाही. धूर म्हणजे अर्धवट जळालेले लाकूडच. त्याला हवा मिळाली, तो जळून गेला.

ती नळी म्हणजे इंजिनाची फुंकणी. इंजिनात सगळे पेट्रोल पुरते जळत नाही. उरलेले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साईड हे विषारी वायू एक्झॉस्टमध्ये येतात. ते तापलेले असतानाच त्यांना ताजी हवा दिली की त्यातला बराच भाग वाटेतच जळतो. अमेरिकेत 1960 च्या दशकात मोटारींना यासाठी पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंपच लावू लागले. तिथल्या स्पोर्ट्स कारच्या शौकिनांनीही तो काढून फेकायचा सपाटा लावला. कारण हेच, पिकअप! पण निदान त्यांचा पंप इंजिनाची थोडी शक्ती तरी खायचा. आपल्या मोटारसायकलला पंपच नसतो. एक्झॉस्टमधल्या दाबाच्या चढउताराने हवा आपोआप ओढली जाते आणि एक पातळ पोलादी पाकळी ती उलटी जाऊ देत नाही. यामाहा याला एअर इंडक्शन सिस्टिम म्हणते. दुसऱ्या कंपन्यांची नावे वेगळी, काम तेच. इंजिनाचे काम संपल्यावर, व्हॉल्व्हच्या पलीकडे हवा मिळते. मग ती बंद करून पिकअप वाढेल कसा? वाढतो तो आवाज, आणि पोरांना आवाजच शक्ती वाटतो.

आता त्या फट् फट् चे. अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला की न जळालेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाते, तिथे हवा मिळाली की पेट घेते. म्हणून तर त्या क्षणी हवा तोडणारी पडद्याची व्यवस्था त्याच डबीत असते. पडदा फाटला, छोटी नळी चिरली, सायलेन्सरचा जोड ढिला झाला, की आवाज येतो. तेवढे दुरुस्त करा ना! ताप आला म्हणून थर्मामीटर फोडायचा का?

यावर आमच्या चिरंजीवांनी इंटरनेटवरून एक मुद्दा शोधून आणला. "आबाजी, ही हवा धूर फक्त पातळ करते. दुधात पाणी घातल्यासारखं. पीयूसीत आकडा कमी यावा म्हणून."

मुद्दा चुकीचा नाही. पीयूसीमध्ये उभ्या गाडीच्या धुराची टक्केवारी मोजतात आणि हवा मिसळली की टक्केवारी थोडी उतरणारच. पण कंपनीला गाडी विकण्याआधी जी परीक्षा द्यावी लागते तिच्यात टक्के नाहीत, ग्रॅम आहेत. किलोमीटरमागे किती ग्रॅम विष बाहेर पडले ते मोजतात. दुचाकीला कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा 1996 साली 4.5 ग्रॅम होती, 2000 साली 2 ग्रॅम झाली, 2010 साली 1 ग्रॅम. दुधात कितीही पाणी घाला, दुधाचे वजन बदलते का? ग्रॅम कमी करायचे तर जाळावेच लागते.

आणि चकती बसवलेली ही गाडी पीयूसी पास झाली हो! चार चाकांवर उभ्या व्हॅनमध्ये कागद मिळाला. 2000 नंतरच्या जुन्या फोरस्ट्रोक दुचाकीला 3.5 टक्क्यांपर्यंत मुभा आहे, त्यात ती बसली. म्हणजे कागद खरा, गाडी खोटी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ गाडीत असे मनमानी बदल करता येत नाहीत. प्रदूषणाचे नियम मोडले तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत आहे. पण चकती पाहायला खाली वाकणार कोण?

"हायवेवर इतके ट्रक धूर ओकतात, माझ्या एका गाडीने काय होते?" हा शेवटचा बाण. ट्रकांचे खरे आहे, त्यांनाही धरावे. पण ट्रक हायवेवर असतो, बाईक आपल्या गल्लीत. तिचा सायलेन्सर बरोबर लहान मुलाच्या नाकाच्या उंचीवर असतो. आणि अरी हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1950 च्या सुमारास दाखवून दिले की मोटारींच्या या धुरावर ऊन पडले की त्यातून ओझोनसारखे नवे विष तयार होते. ते लॉस एंजेलिसचे ऊन होते. भंडाऱ्याचे मे महिन्यातले ऊन त्याला ऐकणार आहे का?

मी हे एवढे तावातावाने का लिहितो आहे, तेही सांगून टाकतो. माझ्याकडे टूस्ट्रोक स्कूटर होती. इंजिन जास्त टिकेल म्हणून मी पेट्रोलमध्ये सांगितल्यापेक्षा जास्त ऑईल टाकायचो. शाळा सुटली की फाटकातच किक मारायचो. निळा धूर मागे, आणि मागे माझीच पोरे, नाकाला रुमाल लावून. गुरुजींना कोण बोलणार? कोणी बोलले नाही, म्हणून मला कित्येक वर्षे कळले नाही. आज मी बोलतो आहे तो त्या रुमालांचा हिशेब आहे.

भांडणाचा निकाल? पिशवीतली डबी परत बसली. चिरलेली छोटी नळी बदलली, आवाज गेला. पिकअप जसा होता तसाच आहे, हे चिरंजीवांनी मान खाली घालून मान्य केले. मेकॅनिक मात्र अजून माझ्यावर रागावलेला आहे.

असो. तुमच्या घरच्या गाडीला चकती आहे का, एकदा वाकून पाहा.