‘लक्ष देऊ नका’ या सल्ल्याविरुद्ध

रात्रीचे दोन वाजून गेले होते. कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर मी बसले होते. मांडीवर लेकीची ओढणी, पायाशी तिच्या चपलांची पिशवी. ड्युटीवरचे डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, डोळे जागरणाने तांबारलेले. म्हणाले, ‘‘काकू, आता धोका टळलाय. पण एक सांगतो, फार लक्ष देऊ नका. लक्ष वेधून घ्यायला करतात ही मुलं. जितकं लक्ष द्याल तितकं वाढेल.’’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांच्या परीने ते मला मदतच करत होते. तो सल्ला मी सात महिने इमानेइतबारे पाळला, आणि त्या सात महिन्यांत त्याच बाकावर आणखी दोनदा बसले. म्हणून हा लेख. लेकीने तो वाचला आहे. दोन ठिकाणी तिने काट मारली, बाकीचं छापायला तिची हरकत नाही.

आजाराचं नाव पुढे दोन वर्षांनी कळलं: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, बीपीडी. नावावरून काही बोध होत नाही. न्यूरोसिस आणि सायकोसिस यांच्या सीमेवरचे रुग्ण या अर्थाने ॲडॉल्फ स्टर्न या अमेरिकी मनोविश्लेषकाने १९३८ साली हा शब्द वापरला. १९८० मध्ये तो तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत गेला आणि चिकटला तो चिकटलाच. घरच्यांना दिसतं ते वेगळं. भावना पटकन पेटते, फार उंच जाते आणि विझायला तासन्‌तास घेते. सकाळी जिच्यावर जीव ओवाळून टाकायचा, ती मैत्रीण संध्याकाळी वैरीण झालेली असते. आपल्याला सगळे सोडून जातील ही धास्ती कायम. राग येतो, आणि राग ओसरला की स्वतःचीच शिसारी येते. त्या शिसारीतून काही जण स्वतःला इजा करून घेतात.

आता पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा, कारण तो बोलणारे मूर्ख नाहीत. ज्या वागण्याला फळ मिळतं ते वागणं वाढतं. दुकानात जमिनीवर लोळण घेणाऱ्या मुलाला खेळणं घेऊन दिलं की ते पुढच्या दुकानातही लोळतं. तसंच ही मुलगी काही करून घेते आणि सगळं घर धावतं; धावणं हे फळ; ते बंद करा.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. चूक आहे ती फळ कोणतं, हे गृहीत धरण्यात. मार्शा लिनेहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीपीडी असलेल्या स्त्रियांना स्वतःला इजा करण्याची आणि आत्महत्येच्या प्रयत्नांची कारणं विचारली आणि ती २००२ साली प्रसिद्ध केली. इजेमागे राग बाहेर काढणं, स्वतःला शिक्षा करणं, बधिर झालेलं मन ताळ्यावर आणणं अशी कारणं होती. आत्महत्येच्या प्रयत्नामागे पुष्कळदा असं होतं, की मी गेले तर बाकीचे सुटतील. माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो असं जिला वाटतं, तिला आपण ‘लक्ष हवंय’ म्हणून बाजूला सारतो. तिच्या मनात जे आधीच आहे त्यावर शिक्का मारतो. आणि हा आजार जिवावरचा आहे. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयातल्या रुग्णांचा २४ वर्षं मागोवा घेतला गेला. त्यांतल्या जवळपास ६ टक्के जणांनी आत्महत्या केली. दुर्लक्ष करून पाहू, अशी चाचणी घेण्याची ही जागा नाही.

दुसरी चूक त्याहून सूक्ष्म आहे आणि ती मी माझ्या ओट्यापाशी उभी राहून केली आहे. त्या सात महिन्यांत लेक स्वयंपाकघराच्या दारात यायची, चौकटीला टेकायची आणि म्हणायची, ‘‘आई, कसंतरी होतंय.’’ आवाज अगदी बारीक. मी मिक्सर लावायची. चटणी वाटून झालेली असली तरी आणखी एकदा फिरवायची, कारण लक्ष द्यायचं नव्हतं. ती थोडा वेळ उभी राहायची आणि जायची. पुढच्या वेळी तेच ‘कसंतरी होतंय’ मोठ्याने. मग आदळआपट. मग दाराला आतून कडी, आणि तेव्हा मात्र मी, तिचे बाबा आणि शेजारचे काका सगळे दाराशी. रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही, असं आपण म्हणतो. मी माझ्या वीस वर्षांच्या मुलीला नेमकं तेच शिकवत होते: हळू सांगितलंस तर मिक्सर, आकांत केलास तर आई. सल्ला होता आकांताला फळ न देण्याचा. माणसाच्या घरात तो पाळला जातो तेव्हा आधी मरतो तो बारीक आवाज, कारण आकांताकडे दुर्लक्ष कुठल्याच आईला जमत नाही. ‘कसंतरी होतंय’ हीच ती वेळ होती, गॅस बंद करून वळण्याची.

‘आईचंच चुकलं’ हा दुसरा आक्षेप. माझ्या सासरच्या अर्ध्या नातेवाइकांचं म्हणणं, लाडाने बिघडवली. उरलेल्या अर्ध्यांचं, धाकात ठेवली म्हणून झालं. मूल एकच, आई एकच. या आजाराकडे जन्मतःच कल असू शकतो. स्वीडनमधल्या लाखो लोकांच्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात बीपीडीतला आनुवंशिकतेचा वाटा ४६ टक्के निघाला. लिनेहान यांची मांडणीही अशीच आहे: अंगभूत हळवेपण आणि त्या हळवेपणाला न पेलणारं भोवताल, यांच्या वर्षानुवर्षांच्या घासाघाशीतून हे घडतं. शांत मुलाला पुरलं असतं असं साधंसुधं घरही या मुलाला अपुरं पडू शकतं. पण इथे मी आयांची वकिली करून थांबणार नाही. बीपीडी असलेल्या पुष्कळ माणसांवर बालपणी अत्याचार झालेले असतात, काहींवर घरातच. त्या घरांत आधी ते कबूल करावं लागतं, आणि ज्याने केलं त्याला घरातल्या मानाच्या खुर्चीवरून उठवावं लागतं. त्याआधी त्या मुलीला ‘शांत हो’ म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

‘लग्न करून टाका, जबाबदारी आली की ठिकाणावर येईल’ याला मी दोनच वाक्यं देते. सोडून जाण्याच्या धास्तीने जी आधीच पोळलेली आहे तिला अनोळखी घरात, आजार लपवून पाठवणं, ही तिची आणि त्या घराची, दोघांची फसवणूक आहे. आणि हे सुचवणारं कुणीही नंतर कॅज्युअल्टीत येत नाही.

अलीकडे एक नवा सल्ला निघाला आहे, शिकलेल्या तरुणांचा. मोबाइलवर दीड मिनिटाचा व्हिडिओ बघून माझा भाचा म्हणाला, ‘‘मावशी, ती टॉक्सिक आहे. तू फार गुंतलीयस. डिस्टन्स ठेव.’’ त्याच्या काळजीत मला खोट दिसत नाही. घरात मारहाण होत असेल, कुणाच्या जिवाला धोका असेल, तर बाजूला व्हावंच. पण प्रेमाने गुंतणं हाच दोष, हे कुठून आलं? स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासांत घरच्यांचं अति गुंतणं रुग्णाला बाधतं असं दिसलं होतं आणि तोच नियम सरसकट सगळीकडे लावला गेला. जिल हूली आणि पेरी हॉफमन यांनी बीपीडीच्या ३५ रुग्णांचं वर्षभर निरीक्षण करून १९९९ साली ते प्रसिद्ध केलं, तेव्हा उलट आढळलं: ज्यांच्या घरचे भावनिकदृष्ट्या जास्त गुंतलेले होते ते रुग्ण पुढे बरे राहिले. ३५ ही संख्या लहान आहे, त्यावर मनोरे रचू नयेत. तरी ज्या समाजात आई ताटावर बसून ‘आणखी अर्धी पोळी घे’ म्हणते, त्या समाजाला हे कळायला हवं की त्याचं गुंतणं हा रोग नव्हे.

मग करायचं काय? मराठीत दोन शब्द आहेत: दखल घेणं आणि री ओढणं. सगळी विद्या या दोहोंमधल्या फरकात आहे. भावनेची दखल घ्यायची, निष्कर्षाची री ओढायची नाही. दोन वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ सांगते. लेक ऑफिसातून आली, पर्स सोफ्यावर टाकली. मैत्रिणींनी लोणावळ्याचं ठरवलं होतं, हिला न कळवता. ‘‘मी कुणालाच नकोय.’’ पूर्वी मी म्हटलं असतं, ‘‘अगं, विसरल्या असतील, एवढं काय त्यात?’’ मला तो धीर वाटायचा. तिला ऐकू यायचं की तुझं दुखणं खोटं आहे, आणि मग ते खरं आहे हे पटवायला ती आवाज वाढवायची. त्या दिवशी मी तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला आणि म्हटलं, ‘‘तुला न सांगता ठरवलं? हे लागणारच गं.’’ एवढंच. मैत्रिणी वाईट आहेत असं म्हटलं नाही, कारण ते मला ठाऊक नव्हतं. तू कुणालाच नकोयस यावर मान डोलावली नाही, कारण ते खोटं होतं. ती चाळीस मिनिटं रडली. दार आपटलं नाही. पावणेदहाला उठून जेवली. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांना पावणेदहाच्या त्या जेवणाची किंमत वेगळी सांगायला नको.

मर्यादाही लागतात. फक्त ती मर्यादा मी काय करीन याची असते, तिने काय करावं याची नसते. ‘‘रात्री अकरानंतर मी भांडणाला उत्तर देणार नाही. सकाळी चहाला बसून पुरं ऐकेन.’’ आणि मग सकाळी खरोखर बसायचं, पेपर न उघडता. दुसरा भाग जमला नाही तर पहिला नुसतं दुर्लक्षच ठरतो. ती मरणाची भाषा बोलली तर मात्र अकराचा नियम नाही. सरळ विचारायचं, ‘‘जीव द्यावासा वाटतोय का?’’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एकटं सोडायचं नाही, रुग्णालय गाठायचं. टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीतही. पोलिसांच्या धाकाने लपवालपवी करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला तीव्र तणावाखाली मानतो आणि तिची काळजी घेण्याचं कर्तव्य सरकारवर टाकतो.

कुणी म्हणेल, हे सगळं आईच्या पदरात टाकून डॉक्टर मोकळे? नाही. उपचार तिचे तिलाच घ्यावे लागतात आणि ते आहेत. बीपीडीवर खास असं मान्यताप्राप्त औषध नाही, गोळ्या सोबतच्या नैराश्याला किंवा झोपेला उपयोगी पडतात. मुख्य काम बोलण्याच्या उपचारांचं, आणि त्यांतली सर्वांत अभ्यासलेली डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, डीबीटी, ही पद्धत लिनेहान यांचीच. त्या स्वतः १९६१ साली, किशोरवयात, हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दोन वर्षांहून अधिक काळ होत्या. २०११ साली त्याच वास्तूत उभं राहून त्यांनी हे जगाला सांगितलं. ‘हे कधी बरं होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी मेरी झानारिनी यांचे आकडे आहेत: मॅक्लीनमधल्या २९० रुग्णांपैकी ९३ टक्के जण दहा वर्षांच्या आत किमान दोन वर्षं लक्षणांच्या विळख्याबाहेर राहिले. नोकरी आणि नाती यांच्यासकट पुरती घडी बसलेले निम्मे. निम्मे कमी नाहीत, आणि उरलेल्या निम्म्यांसाठी घर लागतं.

पण घराला हे शिकवतं कोण? नुसती माहितीपत्रकं वाटून भागत नाही. हॉफमन यांच्या २००३ च्या एका छोट्या पाहणीत बीपीडीबद्दल जास्त माहिती असलेले नातेवाईकच जास्त खचलेले निघाले. मला त्याचं नवल वाटलं नाही. रात्री दोनदोन वाजेपर्यंत मोबाइलवर या आजाराबद्दल वाचून मी काय कमावलं ते मला माहीत आहे. त्यातूनच धडा घेऊन हॉफमन आणि ॲलन फ्रुझेटी यांनी ‘फॅमिली कनेक्शन्स’ हा बारा आठवड्यांचा वर्ग उभा केला. तिथे माहितीइतकाच सराव असतो, आणि शिकवणारे म्हणजे असंच घर चालवलेले, प्रशिक्षण घेतलेले नातेवाईक. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्ग केलेल्यांच्या मनावरचा भार आणि दुःख कमी झालेलं दिसलं, आपल्याला हे निभावता येईल हा विश्वास वाढलेला दिसला.

हे अमेरिकेत ठीक, आपल्याकडे कसं जमणार, हा शेवटचा आक्षेप तर मला सर्वांत कच्चा वाटतो. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांबरोबर त्यांच्या नातेवाइकांना राहायला बोलावलं होतं. नातेवाईक सोबत राहून शिकत आणि शिकून घरी जात. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनी माणसासोबत त्याच्या बायकोशी, आईवडिलांशीही बोलत आलं आहे. रुग्णाचं घर उपचारात घेणं ही इथली जुनी वहिवाट आहे. बीपीडीच्या घरांनाच तेवढं बाकावर बसवून ‘लक्ष देऊ नका’ सांगून परत पाठवलं जातं.

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांकडे माझी मागणी एवढीच आहे: आठवड्यातून दोन तास, मराठीत, फक्त घरच्यांसाठी. पहिल्या वर्गाला तज्ज्ञ बोलवा. पुढचे वर्ग घ्यायला आमच्यासारख्यांना तयार करा, आम्ही पैसे न घेता येऊ. मी ज्या विभागात लेकीबरोबर इतकी वर्षं जाते आहे, तिथे शनिवारी दुपारी ओपीडी आटोपते. एक वाजता शिपाई दिवे घालवतो. आतल्या मोठ्या खोलीत वीसेक खुर्च्या आहेत, पंखा आहे, फळाही आहे.